लेकीच्या घरचं पाणी

लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. निपाणीत ती पाळणं जड जात नसे. लेक लांबच्या गावी दिलेली असायची आणि बहुतेकींचा पाळणा लवकरच हलायचा. मी कारखान्यात नोकरी लागली म्हणून बंगळूरला आलो आणि लेकीला, कावेरीला, इथल्याच मराठी घरात दिली. जयनगरात तिचं घर आमच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. माझी बायको चंद्रा रोज तिच्याकडं जायची, भाजी निवडून द्यायची आणि तहान लागली की घरी यायची. कावेरी चिडायची. चंद्रा म्हणायची, "तुला झालं की हंडाभर पिईन."

त्रेसष्ट सालच्या माघात चंद्रा गेली. कावेरीला अजून मूल नव्हतं.

मग कावेरी सकाळ-संध्याकाळ येऊन माझ्या स्टोवर, माझ्याच पिठाच्या भाकरी करू लागली. तिच्या घरचा डबा मला चालत नव्हता. दोन घरांचं करून ती वाळत चालली होती.

एकदा जावई रघुपती तिला न्यायला आला. "मामा, हात तेच, भाकरी तीच. नुसता स्टो बदलायचा. स्वल्प विचार करा."

"एक नातू होऊ दे," मी म्हणालो. "मग तुमच्याकडंच मुक्काम टाकतो."

कावेरीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"होणार नाही, अण्णा. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलंय."

"आईला माहीत होतं?"

"हो. तरी प्यायली नाही. म्हणाली, मी पाणी प्यायले तर मी आशा सोडली असं होईल."

ती दोघं गेल्यावर माझं जेवणात लक्ष लागेना. चंद्रानं धरून ठेवलेलं मी कसं सोडू? पण मी तिच्या घरचं खाल्लंच नाही, तर तुझ्या घरात काहीतरी कमी आहे, असं लेकीला रोज सांगितल्यासारखंच होतं. चंद्रा असती तर भांडून ठरवलं असतं. आता एकट्यानं ठरवायचं होतं.

रविवारी दुपारी मी तिच्या दारात गेलो. दोघं जेवायला बसत होती.

"मलाही वाढ," मी म्हणालो.

रघुपती सरकला. "इकडं बसा मामा, तिथं ऊन येतंय."

कावेरीनं ताट मांडलं, पाण्याचा तांब्या ठेवला. मी आधी पाणी प्यालो. ती बघत उभी होती.

"आई रागावली असती?"

"रागावली असती. दोन दिवस बोलली नसती माझ्याशी."

"मग?"

"मग विचारलं असतं, भाजी कसली केली होती."

रघुपती हसला. कावेरी हसली नाही. तिनं माझ्या ताटात भात वाढला, त्यावर आणखी वाढला, आणि मी पुरे म्हणालो नाही.