काळ्या टोपीचे कपकेक

मी एक जुना गॅसचा ओव्हन आहे, मित्रांनो. पण 'जुना' या शब्दावर उगाच जोर देऊ नका. ओहायोतल्या कारखान्यात मला घडवलं, तेव्हा वस्तू टिकण्यासाठीच करत असत. अंगाला सायीच्या रंगाचा मुलामा, आणि दार असं जड की लावल्याचा आवाज अंगणात जाई. माझा खरा मान मात्र माझ्या वरच्या ज्योतीला. खालून आच कुणीही देतो. वरून पदार्थ खरपूस करणं हे आपलंच काम.

विस्कॉन्सिनमधल्या या घरात ऑरिन आणि मार्लिस या जोडप्यानं मला लग्नानंतर आणलं. मी त्यांच्या टर्की भाजल्या, नाताळची बिस्किटं भाजली. पाहुणे मार्लिसचं कौतुक करायचे आणि तीही खुशाल सगळं श्रेय घ्यायची. मला त्याचं काही वाटलं नाही; म्हणजे थोडंच वाटलं. पुढे मुलं शहरात गेली, ओट्यावर मायक्रोवेव्ह आला आणि माझ्या पोटात तवे नि साचे कोंबले गेले. चूल असून कपाट होण्याचं दुःख मला विचारा.

ऑरिनचा सगळा जीव ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनच्या शेकोटीत. भुतांचे नि चेटकिणींचे वेश करून गल्लीतली मुलं खाऊ मागायला निघाली की तो अंगणात लाकडं पेटवायचा. मुलं काडीला मार्शमेलो, म्हणजे साखरेचे मऊ गोळे, खोचून भाजायची, दोन बिस्किटांत चॉकलेटसकट दाबून खायची आणि आणखी मागायची. यंदा ऑगस्टपासून पावसाचा थेंब नव्हता. गावानं उघड्यावर आग पेटवायला बंदी केली. ऑरिन तोंड फुगवून खुर्चीत बसला आणि म्हणाला, ओसरीवरचा दिवा लावायचाच नाही. ज्या घराचा दिवा बंद, त्या घराची पायरी त्या संध्याकाळी एकही मूल चढत नाही. मार्लिसला घोर लागला. यंदा दिवा लागला नाही तर पुन्हा कधीच लागायचा नाही आणि हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही, असं ती माझ्याजवळ उभी राहून पुटपुटली.

मग तिनं माझ्या पोटातले तवे बाहेर काढले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तिनं बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून कागदी वाट्यांत दाबला, वर चॉकलेटचं मिश्रण ओतलं. कपकेक छान फुगून आले. प्रत्येकावर एकेक मार्शमेलो बसवून तिनं ताट माझ्या वरच्या ज्योतीखाली सरकवलं.

"हल्ली घरचं खातंय कोण?" ऑरिन शेजारच्या खोलीतल्या खुर्चीतूनच म्हणाला. "आयांना पाकीटबंद खाऊ लागतो. आणि शेकोटी काय वाटीत मावते होय?"

मार्लिस उत्तर द्यायला वळली. तिच्याकडे उत्तरं पुष्कळ होती, आणि सोनेरी मार्शमेलो काळा व्हायला तेवढा वेळ पुरतो. धूर निघाला. तिनं घाईनं ताट ओढलं, फुंकर मारून ज्वाळा विझवल्या, तर सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या टोप्या. डोळे पुसत ती ताट कचऱ्याच्या डब्याकडे नेऊ लागली.

ऑरिन दारात येऊन उभा होता. धुराचा वास घेत होता.

"टाकू नकोस," तो म्हणाला. "अगं, शेकोटीवर कुणाचा सोनेरी झालाय आजवर?"

त्यानं एक उचलून खाल्ला, बोटं चाटली, ताट घेतलं आणि बाहेर जाऊन दिवा लावला.

स्वयंपाकघरातून मला समोरचं दार सरळ दिसतं. पहिली आली ती शेजारची डेनिस, वटवाघूळ झालेल्या लेकीला घेऊन. लेकीनं शहाण्यासारखा हात मागे घेतला. "आई, हे पाकिटातलं नाही." पण डेनिस स्वतः याच अंगणात मार्शमेलो जाळत मोठी झालेली. तो वास नाकात शिरला आणि ती पायरीवरच थांबली.

"घे गं, ऑरिनकाकांच्या घरचं आहे," ती म्हणाली. "काका, मलाही द्या एक. सगळ्यात काळा."

तिच्यामागे मुलांची रांग लागली, तसा ऑरिन रिकामं ताट घेऊन आत आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"मार्लिस, दुसरं लाव," तो म्हणाला. "आणि मघासारखीच माझ्याशी भांडायला वळ."

मित्रांनो, लोक याला चूक म्हणतील. मी माझं काम म्हणतो. तुमच्या घरी कुणी माझ्यासारखा असेल तर त्याच्या पोटात भांडी कोंबू नका. ज्योतीची भोकं टाचणीनं साफ ठेवा, सांडलेलं वेळीच पुसा. आणि हातून काही करपलंच, तर फेकण्याआधी शेजारच्या खोलीत रुसून बसलेल्या माणसाला एकदा विचारा.