केसरबाईचा पिंपळ आणि मी

मित्रांनो, पिंपळनेरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, नदीच्या पात्रात पाय रोवून उभा आहे तो मी. माझे पाये काळ्या दगडाचे, कमानी भाजलेल्या विटांच्या. त्या सांधायला बैल जुंपून दगडी घाण्यात चुना मळला होता. माझ्या अंगावरून कपाशीच्या बैलगाड्या गेल्या, पुढे एसटी आली. लोक म्हणत, "पूल मोठा पक्का शे." ते ऐकून माझी छाती फुगे.

पण माझं खरं माणूस एकच होतं. केसरबाई. ती नवी नवरी होऊन गावात आली. पलीकडच्या मळ्यात भाकरी घेऊन जाताना ती माझ्या कठड्यावर टेकायची आणि दगडावर हात ठेवून बोलायची, "सासू बोलस, नणीन बोलस. तू काहीच बोलस नही. तूच बरा शे रे भाऊ!"

इतकं कौतुक माझं दुसऱ्या कुणी केलं नाही. तिची पोरं मोठी झाली, केस पिकले, पण कठड्यावर बसणं काही सुटलं नाही.

मग ऐंशीच्या दशकात, एका पावसाळ्यात, कुण्या पाखरानं माझ्या सांध्यात बी टाकलं. दोन कोवळी तांबूस पानं वर आली. केसरबाई थबकली. "कथाईन उना रे तू? तीस लागनी का?" म्हणत तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी पिंपळाच्या त्या तहानलेल्या रोपावर ओतलं.

त्या दिवसापासून तिची पाठ माझ्याकडे आणि तोंड पिंपळाकडे. बोलणं त्याच्याशी, पाणी त्याला. मी जन्मभर तिची सुखदुःखं ऐकली, आणि हा कालचा पोर पानं हलवून तिला हसवतो! मला उन्हापेक्षा जास्त चटका त्या हसण्याचा बसे. वर तो माझ्याच अंगात मुळं घुसवत होता. बायका त्याला सूत गुंडाळू लागल्या, वाटसरू सावलीला थांबू लागले. सगळे म्हणत, "काय छान झाड शे!" ते ज्याच्या अंगावर उभं होतं, त्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

नव्वद साल उलटलं आणि धुळ्याहून रुपचंद सर शाळेची मुलं घेऊन आले. खास मला बघायला! मी हरखून गेलो. पण मुलं गाडीतून उतरली ती थेट पिंपळाच्या सावलीत पळाली. माझा जळफळाट झाला. सरांनीच त्यांना खाली कोरड्या पात्रात नेलं आणि कमान दाखवू लागले. तेवढ्यात एक वीट निसटली आणि एका मुलीच्या पायाशी येऊन फुटली. मुलगी किंचाळली. केसरबाई मळ्यातून धावत आली आणि तिनं तिला पोटाशी धरलं.

सरांनी वर बोट दाखवलं. कमानीतून बोटाएवढं जाड मूळ बाहेर लोंबत होतं.

"बाई, हे झाड पुलाला चिरतंय. काढलं नाही, तर पूल जाईल."

"पिंपय शे तो, सर. पिंपयले कोन हात लावी?"

त्या दिवशी ती पिंपळाला पाणी न घालताच घरी गेली. कठड्यावरही टेकली नाही.

पुढच्या पावसाआधी तिनं गवंडी हिलालला बोलावलं. गावातले उखर्डू नाना काठी आपटत आले. "वहिनी, पिंपय तोडू नको. बठ्ठा गावले पाप लागी!"

"तोडस नही, नाना. उपाडीसन मातीमा लावसू. पूल पडना त पोरे शाळामा कथाईन जातीन? पानी मीच घालं, आते मीच काढसू."

फांद्या छाटल्या, विटा सोडवल्या. मुळं निघाली तेव्हा मला फार दुखलं, पण आनंदही झाला. केसरबाई मात्र रडत होती. तिनं तो बुंधा पलीकडच्या काठावर लावला. हिलालनं माझ्या भेगा चुन्यानं भरल्या.

बुंधा नुसता वाळक्या काठीसारखा उभा राहिला. मी मनात म्हटलं, गेला एकदाचा! आता केसरबाई माझ्याकडे येईल.

ती आली, पण थांबली नाही. डोक्यावर हंडा घेऊन माझ्यावरून भरभर पलीकडे गेली आणि त्या काठीपाशी बसून राहिली. रोज असंच. शेवटी त्याला पालवी फुटली. आता सूत तिथं, सावली तिथं, हसणंही तिथंच. माझा कठडा रिकामा.

कधी वाटतं, मी पडलो असतो तर ती पलीकडे गेली कशी असती? तिची पावलं माझ्यावरून जातात, एवढं मला पुरायला हवं. खरं सांगतो मित्रांनो, पुरत नाही.

म्हणून एक मागणं आहे. जुन्या पुलाच्या, देवळाच्या, विहिरीच्या भेगेत रोप दिसलं, तर ते बोटभर असतानाच अलगद काढा आणि मातीत लावा. म्हणजे दोघंही जगतील. आणि जाताना क्षणभर कठड्यावर हात ठेवा. दगड तापलेला असेल, तरी ठेवा.