बनूबाईचं वाळवण

मरावं तर खरवईच्या बनूबाईसारखं! मुक्या सिनेमाच्या काळात ती प्रत्येक चित्रपटात मेली. कधी विहिरीत, कधी साप चावून, एकदा तर नुसत्या विरहानं. एका शूटिंगला म्हणे ती अशी मेली, की शेजारच्या खोट्या पिंडाला खरा कावळा शिवला. पुढे बोलपट आले. राणीच्या तोंडून खरवईची बोली बाहेर पडली आणि बनूबाई घरी आली. तिथे ती खरोखरीची गेली, तेव्हा शेजारणी ओसरीवर दुपारपर्यंत वाट बघत बसल्या. "थांबा गं, उठंल आता."

ती उठली नाही.

नात मालिनी तेव्हा एवढीशी होती. तिच्या आठवणीत आजी आडवीच. भिंतीवरचा फोटो सिनेमातला, तोही डोळे मिटलेला. आता मालिनीताई पंचाहत्तरीला टेकल्या. जिवंत आजी एकदा, पापणी लवेपर्यंत का होईना, बघायची एवढंच त्यांचं राहिलं होतं.

घरात शेवटच्या चित्रपटाचं एक रीळ होतं. आईनं ते जिवापाड जपलेलं. दर उन्हाळ्यात कुरडया-पापडांशेजारी उलगडून त्याला ऊन द्यायचं. धान्याला ऊन लागतं, शालूला लागतं, मग बनूबाईला नको? फक्त गाभ्याजवळचे वेढे तसेच ठेवायचे. कणगीचा तळ कधी दिसू देत नाहीत, तसे. आईमागे मालिनीताईंनी सोसायटीच्या गच्चीवर हा नेम चालवला.

उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, अल्पेश लोकांच्या जुन्या फिती मोबाइलमध्ये उतरवून देतो असं कळलं आणि त्या रिक्षानं त्याच्या गाळ्यात पोचल्या. अल्पेशनं फीत दिव्यासमोर धरली.

"मावशी, हे ठेवलं कुठे होतं?"

"फार जपून रे. दरवर्षी ऊन देत होतो."

"ऊन?" त्यानं फीत हळूच खाली ठेवली. "ऊन तर याचा दुश्मन. सगळं सफाचट झालंय."

मालिनीताई स्टुलावर बसल्या. "म्हणजे आम्ही मायलेकींनीच तिला..."

अल्पेश फीत उलगडत राहिला. गाभ्याशी येऊन थांबला. "एक मिनिट. इथं ऊन पोचलेलं नाही."

एकेक चित्र टिपून त्यानं ती सलग पडद्यावर लावली. बनूबाई मरून पडलेली, गळ्यात हार. मालिनीताईंनी मान फिरवली.

"हेच बघत आलेय जन्मभर."

"रुका ना मावशी. सीन संपलाय, कॅमेरा चालूच आहे. कापायचं राहून गेलंय बहुतेक."

बनूबाईनं एक डोळा उघडला. नाकावरची माशी हाकलली आणि ताडकन उठून बसली, समोरच्या कुणाला तरी हातवारे करून चांगलंच सुनावत. मग पडदा पांढरा.

"काय बोलली असेल ओ?" अल्पेश हसला. "परत लावू?"

मालिनीताई कधी उभ्या राहिल्या त्यांनाच कळलं नव्हतं. त्या पडद्याकडे पाठ करून दाराकडे वळल्या. तिथं कुणीच नव्हतं. तरी ओसरीवर ताटकळलेल्या बायकांना सांगावं तसं, डोळे पुसत, त्या म्हणाल्या,

"उठली गं. उठली."