मानुकाच्या मोळ्या

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला, केप रेइंगाकडे जाणारा हायवे एका दलदलीपाशी सारखा खचत होता. तो दुरुस्त करायला ऑकलंडहून कल्याणी आली. मूळची पुण्याची, रस्त्यांची इंजिनीअर. डिझाइन तिचंच: जुनी भर पार उपसायची आणि तळापासून नवी घालायची.

एक लेन बंद करून खणायला सुरुवात झाली. या शेवटच्या टप्प्यावर डांबर पडलं तेच २०१० साली. त्याखाली जुनी खडी. दीड मीटरवर डिगरच्या दातांना काहीतरी वेगळंच लागलं.

“थांबव!” विरेमू ओरडला. सत्तरीला टेकलेला हा माओरी मुकादम इथलाच.

कल्याणी खड्ड्यात उतरली. हाताने चिखल पुसला, तर खाली फांद्यांच्या मोळ्या, एकीला एक भिडवून आडव्या रचलेल्या. साल अजून शाबूत.

“मानुका,” विरेमू हळूच म्हणाला. “आजी सांगायची. तेव्हा टपाल, पीठ, माणसं, सगळं ओहोटी बघून किनाऱ्याच्या वाळूवरून यायचं. मग नव्वदेक वर्षांपूर्वी रस्ता आखला, पण टाकाल ती खडी चिखल गिळायचा. शेवटी गावातल्या बायकांनी ही झुडपं तोडून पाठीवरून वाहून आणली.”

“आणि त्यावर रस्ता तरला?”

“त्यावरच तर उभी आहेस तू.”

कल्याणीने वाकून मोळ्यांवर हात ठेवला. पाण्याखाली हवा नसली की लाकूड कुजत नाही, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. पण नव्वद वर्षं ट्रक, टूरिस्ट बसेस, सगळ्यांचा भार या बायकांनी आणलेल्या फांद्यांनी पेलला होता! मेलेल्या माणसाचा आत्माही याच वाटेने उत्तरेला जातो, असं विरेमूचे लोक मानतात. ती कितीतरी वेळ हात तिथेच ठेवून बसली.

मग उठून तिने खचलेला भाग नीट पाहिला. शेजारी अलीकडेच खोल चर खणला होता. त्याने पाणी ओढून घेतलं होतं, आणि तेवढ्याच मोळ्यांना हवा लागून त्यांचा भुगा झाला होता.

तिने ऑफिसातल्या सहकाऱ्याला, शिरीषला, फोन लावला. “माझं डिझाइन चुकलं. काही उपसायचं नाही. चर बुजवायचा, आणि भुगा झालाय तेवढंच भरायचं.”

“अगं, डिझाइन बदलायचं म्हणजे पंधरा दिवस गेले!”

“जाऊ देत. आपल्यापेक्षा चांगलं काम आधीच झालंय इथे.”

खड्डा बुजवण्याआधी विरेमूने त्याच्या भाषेत प्रार्थना म्हटली. कल्याणीने हेल्मेट काढून मान खाली घातली. त्या हिवाळ्यात पावसाने नुसता कहर केला, पण रस्ता बोटभरही खचला नाही.