सातवा परिच्छेद

मी एक जुना टाइपरायटर आहे. पण मित्रांनो, माझ्यावर चटकन विश्वास ठेवू नका. मी जन्मभर दुसऱ्यांचेच शब्द उमटवले. त्यांतले खरे किती, हे मला आजही ठाऊक नाही.

कारखान्यातून बाहेर पडताना तपासनिसाने माझी एकेक कळ दाबून पाहिली आणि शेरा लिहिला, ‘एकही अक्षर गाळत नाही.’ तो शेरा उराशी धरून मी न्यायालयाच्या व्हरांड्यात, टंकलेखिका बाईंच्या मेजावर आलो. बाईंनी मला जपले. कागद ज्यावर गुंडाळला जातो तो माझा रूळ झिजू नये म्हणून त्या लिहायच्या कागदामागे नेहमी एखादा रद्द झालेला कागद लावत. माझ्या ठसठशीत अक्षरांची वकील मंडळी वाहवा करीत.

त्याच व्हरांड्यात मी संशय शिकलो. माणसे खोटे फारसे सांगत नाहीत, ती गाळतात. वाटेतला चिखल टाळावा तसा त्यांचा आवाज एका जागी पाऊल उचलतो आणि पलीकडे टाकतो.

एका सकाळी एक गृहस्थ आले. त्यांच्या वकिलांनी आदल्या दिवशी बाईंना मजकूर सांगून अर्ज टंकून घेतला होता. धाकट्या बहिणीने घराच्या मागच्या दोन खोल्या बळकावल्या आहेत, तिला न कळवता आजच तिला बाहेर काढण्याचा हुकूम व्हावा, अशी मागणी होती. सातव्या परिच्छेदात मात्र एक कबुली होती. तीन वर्षांपूर्वी याच न्यायालयात तडजोड होऊन त्या खोल्या भावानेच तिला आयुष्यभर राहायला दिल्या होत्या. ती तडजोड तिने मोडली, असे वकिलांचे म्हणणे पुढे होते.

“बाई, तेवढा सातवा काढून टाका.”

“वकीलसाहेबांना विचारलंत?”

“त्यांचंच म्हणणं आहे. अहो, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?”

“मग तसं लिहून द्या.”

त्यांनी परिच्छेदावर रेघ ओढली, समासात ‘काढावा’ लिहून सही केली. बाईंनी फक्त तिसरे पान पुन्हा टंकले. आठव्या परिच्छेदाने सुरू होणारे चौथे पान तसेच राहिले. रेघ ओढलेला कागद सवयीने पुढच्या कामाच्या कागदामागे, माझ्या रुळावर गेला. घाईत आलेल्या वकिलांनी तो अर्ज न वाचताच दाखल केला.

दुपारी दोघे परत आले. वकिलांचा चेहरा उतरला होता.

“बाई, सहानंतर एकदम आठ कसा, असं न्यायाधीशांनी विचारलं. सातवा घेऊन या म्हणाले. आणि हे म्हणतात, टायपिंगची चूक.”

“नाहीतर काय!” भाऊ म्हणाले. “हा खटारा बघा की. म्हातारा झालाय, अर्धं गिळतो.”

बाईंची बोटे माझ्या कळांवर निश्चल होती. त्यांचे निम्मे काम याच वकिलांकडून येई. चूक पदरात घेतली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते. मित्रांनो, कबूल करतो, त्या क्षणी मला बाईंचाही संशय आला.

मग त्यांनी रूळ फिरवला आणि मागे लावलेला कागद बाहेर काढला.

“हा गिळत नाही, साहेब. हे घ्या.”

वकिलांनी कागद वाचला. समासातल्या सहीवर त्यांनी बोट ठेवले.

“मी कधी सांगितलं होतं काढायला?”

भाऊंनी कागदाकडे हात नेला, पण वकिलांनी तो फायलीत ठेवला.

“तुमची बहीण आज न्यायालयात हजर नाही,” वकील म्हणाले. “तिच्या बाजूचंही आज आपणच सांगायचं असतं. चला.”

“अहो, पण मग हुकूम कसा मिळेल?”

“नाही मिळणार.”

तो मिळालाच नाही. बहिणीला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्या दुपारी ती त्याच खोल्यांच्या खिडकीला नवा पडदा लावत होती, असे पुढे बाईंच्या बोलण्यातून कळले.

आता मेजावर संगणक आहे आणि मी कपाटावर. माझी फीत वाळली आहे. कधी धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पण त्याहून एक मागणे आहे. समोरचा माणूस हजर नसताना आपली बाजू मांडाल, तेव्हा स्वतःचा आवाज ऐका. तो जिथे पाऊल उचलेल तिथेच थांबा. तुमचा सातवा परिच्छेद तिथे असतो.