मधोमध आलेला पंथ

सरांचा उभा जन्म एका पंथापायी गेला होता. दोन हजार वर्षांपूर्वी मंदिराच्या पुरोहितांवर रुसून काही ज्यू माणसं वाळवंटात जाऊन राहिली आणि त्यांनी परूशी, सदूकी अशा बाकीच्या सगळ्या ज्यू पंथांशी संबंध तोडले, असं सरांचं म्हणणं. हे मांडणाऱ्या एका पुस्तकावर त्यांचं नाव झालं. विद्यापीठात पोरं त्यांना पाठीमागे ‘वाळवंट’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्यांची लाडकी विद्यार्थिनी आता स्वतः शिकवत होती, तरी सरांसाठी ती ‘चिमणी’च. कोणता पंथ कोणाचा नियम मानतो, कोण कोणाला नावं ठेवतो, हे तिने जुन्या ग्रंथांतून वेचलं आणि संगणकावर मांडलं. पंथ म्हणजे ठिपका, संबंध म्हणजे रेघ. वाळवंटातला ठिपका कडेला पडेल असं तिने धरलं होतं. तो आला बरोब्बर मधोमध, सगळ्यांशी रेघांनी जोडलेला.

सर तेव्हा अंथरुणाला खिळलेले. “आत्ता नको गं दाखवूस,” सरांच्या पत्नी, काकू, दारातच कुजबुजल्या. पण आतून हाक आलीच, “चिमणे, काय निघालं?”

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

सरांनी लॅपटॉप पोटावर ओढून घेतला. “या लाल रेघा कसल्या?”

“भांडणं, सर.”

“भांडण हे काय नातं झालं?”

“परक्याशी कोण इतकं भांडतं, सर?”

सरांनी लाल रेघांवरून बोट फिरवलं. “म्हणजे जन्मभर मी झकच मारली,” असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर ती कितीदा तरी गेली. काकू बाहेरच्या खोलीत चहा द्यायच्या, “झोपलेत” म्हणायच्या. आतून खोकला ऐकू यायचा. एके दिवशी तोही थांबला.

पुढे तिच्या लेखाच्या परीक्षकाने विचारलं, भांडणं वगळली तर काय दिसतं? तिने लाल रेघा पुसल्या. वाळवंटातला ठिपका सगळ्यांपासून सुटला आणि एकटा पडला. सर म्हणत होते तस्सा.

ती तशीच उठून काकूंकडे गेली. “काकू, सरांचंही खरं होतं. अर्धं त्यांचं, अर्धं माझं.”

काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “अगं, तेव्हा का नाही सुचलं तुला?”