उष्टी वीज

दादाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत दिवाणखान्यात पंधरा-सोळा माणसं अनवाणी रांगेत उभी होती. रांगेच्या टोकाला, टीव्हीखालच्या कपाटात, दादाच्या नव्या होम थिएटरचा ॲम्प्लिफायर होता. एकेकाने पुढे व्हायचं, त्याच्या पत्र्यावर हळूच बोटं फिरवायची आणि "आहाहा!" म्हणायचं.

"मुंग्या आल्या! अहो, स्पष्ट मुंग्या आल्या!" दातांचा डॉक्टर ओरडला. "थेट दाढेपर्यंत!"

हा माणूस शिकलेला बरं का. दवाखान्यात तीन पदव्या टांगून ठेवल्यात त्याने.

"ती जिवंत वीज," बाजूच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले नादगुरू म्हणाले. "आमच्या शुद्धिपेटीतून आलेली. तुमच्या भिंतीतली वीज उष्टी असते, बाबांनो! शेजारणीच्या मिक्सरमधून, खालच्यांच्या पंपातून, कुणाकुणाच्या इस्त्रीतून फिरून आलेली. ती तुम्ही गाण्याला पाजता, आणि वर गाणं गोड लागावं म्हणता?"

"खरंय, खरंय," असं म्हणत माना डोलल्या. वीज म्हणजे काय कुणी अर्धं टाकलेलं ताट आहे उष्टं व्हायला? पण एकालाही हसू आलं नाही.

मी दादाची धाकटी बहीण. तीस वर्षं पोरांना वायरमनचं काम शिकवलं आणि निवृत्त झाले. दादाने छापखान्यात मशिनांच्या खडखडाटात जन्म काढला. म्हातारपणी शांत बसून गाणं ऐकायचं, एवढीच त्याची हौस. म्हणून त्याने हे थिएटर बसवून घेतलं, आणि पहिल्या दिवसापासून स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. दुकानदाराने हात वर केले. मला विचारायचं तर कमीपणा. मग कुणीतरी नादगुरूंचा पत्ता दिला.

गुरूंनी काळी जड पेटी आणली, निळा दिवा लावला, ॲम्प्लिफायरचा आणि मोठ्या स्पीकरचा असे दोन्ही प्लग तिच्यात खोचले आणि घूं बंद! दादाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आता आठवड्याभरात सगळ्या इमारतीला तशी पेटी हवी होती.

मी हे सगळं दारात उभी राहून ऐकत होते, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आली. पाय ओले, हातात पिळलेलं फडकं. एवढ्या लोकांची बोटं उमटली म्हणून ती ॲम्प्लिफायर पुसायला निघाली होती.

"वहिनी, थांब! हात लावू नकोस!"

मी एवढ्या जोरात ओरडले की गुरूंचे मिटलेले डोळे उघडले.

"अहो वन्सं, रोजच पुसते की मी," वहिनी म्हणाली. "ओल्या फडक्याने जरा जास्त झिणझिणतं, एवढंच. गुरुजी म्हणाले, अंगाला चांगलं असतं."

आठवडाभर ही बाई ओल्या पायांनी त्या पत्र्याशी खेळत होती, आणि माझा शहाणा भाऊ शेजारी बसून मान डोलवत होता!

"तू मध्ये पडू नकोस," दादा तडकला. "तुला वायरी कळतात. गाण्यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. मला फक्त गुरुजींचे बूट बघू दे."

सगळ्यांनी खाली पाहिलं. अनवाणी घोळक्यात एकट्या गुरूंच्या पायात जाड रबरी तळव्यांचे बूट होते.

"गुरुजी, काढा ते. वहिनीचं ओलं फडकं घ्या आणि ठेवा हात पत्र्यावर. दाढेपर्यंत जाऊ द्या जिवंत वीज."

"आमची साधना वेगळ्या पातळीवरची आहे," गुरू म्हणाले आणि पाय खुर्चीखाली ओढले.

"साधना नाही, अक्कल! अनवाणी माणसाला झिणझिण्या येतात, रबर घातलेल्याला येत नाहीत, हे तुम्हाला नीट ठाऊक आहे. म्हणून तर सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्यात."

मी पिशवीत कायम असणारं, विजेचा दाब मोजायचं मीटर काढलं. एक टोक ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला, दुसरं भिंतीतल्या अर्थिंगला. आकडा शंभर व्होल्टच्या वर गेला. पत्र्यावर इतका दाब कधीच नसावा. मी सगळी बटणं बंद केली, दोन्ही प्लग पेटीतून उपसले आणि पूर्वीसारखे लावले. ॲम्प्लिफायरचा या भिंतीत, दणका देणाऱ्या मोठ्या स्पीकरचा समोरच्या भिंतीत. आता मीटरवर शून्य. पण चालू करताच घूंऽऽ परत आली.

"बघा! आली उष्टी!" गुरू उसळले. डॉक्टर लगेच त्यांच्या बाजूला सरकला.

"वहिनी, तुझ्या इस्त्रीचा लांब वायरवाला बोर्ड आण," मी म्हटलं.

पुन्हा बंद करून दोन्ही प्लग मी त्या कळकट बोर्डात खोचले आणि तो भिंतीत लावला. चालू केलं. घूं नाही. पत्र्याला मीटर लावलं तर तिथेही शून्य.

"पण... हा तर इस्त्रीचा बोर्ड," दादा पुटपुटला.

"हो. दोन मशिनं दोन भिंतींतून अर्थिंग घेत होती, आणि मधल्या आवाजाच्या वायरीने ती एकमेकांना जोडलेली. असा मोठा वळसा तयार झाला की घूं येते. दोघांना एका बोर्डावर आण, बहुतेक वेळा जाते. ही तुझ्या गुरूची सिद्धी."

मग पेचकस घेऊन मी पेटी उघडली. आत निळा दिवा, त्याची इवलीशी वायर, साधी सॉकेटं आणि पिशवी भरून वाळू. वजन जाणवायला हवं ना! आणि एका कोपऱ्यात अर्थिंगची हिरवी वायर, कापून चिकटपट्टीत गुंडाळलेली.

"ही का कापली, गुरुजी?"

गुरूंना अचानक दुसरीकडे वेळ दिलेली आठवली.

"मी सांगते," मी म्हटलं. "ॲम्प्लिफायरमध्ये विजेतली खरखर गाळायची गाळणी कंपनीनेच बसवलेली असते. गाळलेलं ती या हिरव्या वायरीतून जमिनीत सोडते. वायर कापली की ते पत्र्यावर येऊन बसतं. मोरी बुजवली की पाणी घरात येतं, तसं. त्याच या मुंग्या. आज मुंग्यांवर भागलं. उद्या आतली एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली असती, तर ओल्या फडक्यासकट वहिनी जागीच गेली असती. वायर धड असती तर फ्यूज उडाला असता आणि माणूस वाचलं असतं."

दादा खाली बसला. वहिनीकडे बघवेना त्याला. "मीच म्हटलं तिला," तो म्हणाला. "मीच म्हटलं, रोज हात लाव, बरं वाटेल."

गुरू तोवर जिना उतरले होते. त्यांना चपला शोधायच्या नव्हत्याच. रांग मात्र हलली नव्हती. वरच्या मजल्यावरचे काका घसा खाकरून पुढे आले. "ताई, ती वाळू टाकणार असाल तर थोडी मिळेल का? असू द्यावी घरात."

अशा माणसांपुढे डोकं फोडून तरी काय होणार! तरी सांगते. वीज उष्टी नसते, सोवळी नसते, आणि तिला गाण्यातलंही काही कळत नाही. यंत्रं जपायची असतील तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. मग जादा दाब झेलणारा साधा, प्रमाणित सर्ज प्रोटेक्टर तीन पिनांच्या धड सॉकेटात लावा. पत्रा झिणझिणला तर हात जोडू नका, बटण बंद करा आणि वायरमनला बोलवा. आणि जो तुम्हाला चपला काढायला सांगतो, त्याच्या पायात काय आहे ते आधी बघा.

सगळे गेल्यावर वहिनीने भीत भीत ॲम्प्लिफायरला एक बोट लावलं.

"काहीच होत नाही हो," ती म्हणाली.

दादाने गाणं लावलं नाही. तो उठला, तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि कोरडं आणायला आत गेला.